हृदयविकाराचा झटका व संयुक्त औषधयोजना

चेन्नई शहराच्या दक्षिण अंगास, महाबलिपुरमकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर पेरुंगुडी नावाचे उपनगर आहे. पल्लीकरणैच्या दलदलीलगतचे हे एकेकाळचे खेडे. आज तेथे संगणक-व्यवसायाच्या उंच इमारती उभ्या आहेत आणि महानगरपालिकेच्या एका विभागाला त्याचेच नाव मिळाले आहे. येथे एखाद्या गृहस्थाच्या छातीत अकस्मात कळ उठली, तर मोठे रुग्णालय गाठण्यास त्याला फार दूर जावे लागत नाही. परंतु तमिळनाडूतील असंख्य खेड्यांची स्थिती तशी नाही. तेथून हृदयोपचाराची सोय असलेले रुग्णालय कित्येक मैल दूर असते, आणि ते अंतर कापता कापताच रुग्णाचे हृदय निकामी होत जाते.

ही अडचण ध्यानी घेऊन तमिळनाडू शासनाने जून २०२३ मध्ये ‘इदयम् काप्पोम्’, म्हणजे ‘हृदयाचे रक्षण करू या’, या नावाची योजना सुरू केली. तिच्यानुसार प्राथमिक आरोग्य केंद्रे व उपकेंद्रे येथे काही गोळ्या सदैव तयार ठेवण्यात येतात. हृदयविकाराच्या झटक्याची लक्षणे असलेला रुग्ण आला की, मोठ्या रुग्णालयाकडे रवाना करण्यापूर्वी त्याला वैद्यकीय सल्ल्याने या गोळ्या देतात. अ‍ॅस्पिरिनच्या दोन, क्लोपिडोग्रेलच्या चार आणि अ‍ॅटोरव्हास्टॅटिनच्या आठ, अशा त्या एकंदर चौदा गोळ्या होत.

व्याधी एक आणि औषधे तीन, हे असे का? त्यांतील एकच, परंतु सर्वांत प्रभावी असे औषध निवडून दिले तर भागणार नाही काय? आणि झटका ओसरल्यावरही रुग्णाला पुढे चार-पाच औषधे वर्षानुवर्षे का घ्यावी लागतात? या प्रश्नांची उत्तरे शोधणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हृदयाचे स्वतःचे पोषण

आपले हृदय बंद मुठीएवढे असते. दिवसाकाठी ते सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावते आणि विश्रांतीच्या अवस्थेतही मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त शरीरभर खेळवते. या श्रमांचा मुख्य भार हृदयाच्या डाव्या बाजूच्या खालच्या कप्प्यावर, म्हणजे डाव्या जवनिकेवर पडतो. प्रसरण पावलेल्या जवनिकेत साधारण १२० मिलिलिटर रक्त मावते. आकुंचनाच्या वेळी त्यांपैकी सुमारे ७० मिलिलिटर बाहेर फेकले जाते. आत आलेल्या रक्तापैकी शेकडा किती भाग बाहेर पडला, या प्रमाणाला आपण उत्सर्जन-प्रमाण म्हणू. निरोगी माणसात ते शेकडा ५० ते ७० असते. हृदयाचे बळ किती शिल्लक आहे, हे सांगणारे सर्वांत सोयीचे माप हेच होय. वाचकांनी ते लक्षात ठेवावे, कारण पुढे त्याची गरज पडणार आहे.

गंमत अशी की, सबंध शरीराला रक्त पुरवणाऱ्या या अवयवाला आपल्या कप्प्यांतील रक्ताचा स्वतःच्या पोषणासाठी जवळजवळ काहीच उपयोग होत नाही. त्याच्या स्नायूंना रक्त मिळते ते हृदयाच्या बाह्य पृष्ठावरून पसरलेल्या दोन लहान रक्तवाहिन्यांतून. त्यांना परिहृद् रोहिणी म्हणतात.

झटका कसा येतो

वय, धूम्रपान, रक्तदाब, मधुमेह इत्यादी कारणांमुळे या रोहिण्यांच्या अस्तराखाली कोलेस्टेरॉलयुक्त मेदाचे थर साचत जातात. थर जोवर शाबूत आहे तोवर रक्त कसेबसे वाहत राहते. परंतु एखाद्या क्षणी थरावरील पातळ आवरण फाटते. शरीराला ती जखम वाटते, आणि बोट कापल्यावर जे घडते तेच येथेही घडते. प्रथम रक्तपट्टिका नावाचे सूक्ष्म कण त्या ठिकाणी धावून येतात व एकमेकांस चिकटतात. मग फायब्रिन नामक प्रथिनाचे तंतू त्यांच्याभोवती जाळे विणतात. बोटावर जी गुठळी प्राणरक्षक, तीच अरुंद रोहिणीत प्राणघातक ठरते. रोहिणी बंद होते आणि तिच्या पुढच्या स्नायूंचा रक्तपुरवठा तुटतो. असा रोध झाल्यावरही माणूस काही काळ जिवंत राहू शकतो व या व्याधीचे निदान रुग्ण जिवंत असतानाच करता येते, हे शिकागोचे वैद्य जेम्स हेरिक यांनी १९१२ साली प्रथम स्पष्टपणे मांडले.

रक्त तुटताच सगळा स्नायू एकदम मरत नाही. अमेरिकन शास्त्रज्ञ रायमर आणि जेनिंग्ज यांनी १९७७ मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. रोहिणी ४० मिनिटे बांधून मग मोकळी केली, तर धोक्यात आलेल्या स्नायूपैकी शेकडा ३८ भाग मृत झालेला आढळला. तीन तासांनी मोकळी केल्यास ५७ भाग, आणि सहा तासांनी ७१ भाग. मृत्यूची ही लाट हृदयाच्या आतल्या थरापासून बाहेरच्या थराकडे सरकत जाते. माणसाच्या बाबतीत आकडे थोडे निराळे असतील, पण धडा तोच आहे: गेलेला प्रत्येक तास स्नायूचा एक हिस्सा घेऊन जातो.

आता या आकड्यांशेजारी आपल्या देशातील एक आकडा ठेवू. भारतातील ८९ रुग्णालयांतील २०,४६८ रुग्णांची पाहणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्यांची रोहिणी पूर्ण बंद झाल्याचे हृदयाच्या विद्युत्-आलेखावरून, म्हणजे ई.सी.जी.वरून, दिसत होते अशा रुग्णांपैकी निम्म्यांना कळ सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचण्यास पाच तास वा त्याहून अधिक वेळ लागला होता. रुग्ण दारी येईपर्यंत लाट बरीच पुढे गेलेली असते. आरोग्य केंद्रातच पहिली औषधे देण्यामागील तर्क यावरून समजेल.

तीन गोळ्या, तीन कामे

त्या तीन प्रकारच्या गोळ्या एकच काम करीत नाहीत. गुठळी बनविणाऱ्या साखळीच्या निरनिराळ्या कड्यांवर त्या घाव घालतात.

अ‍ॅस्पिरिन हे जुने वेदनाशामक. ते कार्य कसे करते याचा उलगडा लंडनमधील शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये केला, व त्या क्षेत्रातील संशोधनाबद्दल १९८२ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. एक रक्तपट्टिका चिकटली की ती एक रसायन सोडून इतरांना हाक मारते. हे रसायन बनविणारे यंत्रच अ‍ॅस्पिरिन कायमचे बंद पाडते. रक्तपट्टिकेला केंद्रक नसल्याने तिला नवे यंत्र घडवता येत नाही. म्हणून तिच्या आठ-दहा दिवसांच्या आयुष्यभर ती मुकीच राहते.

परंतु हाक मारण्याचा मार्ग एकच नाही. रक्तपट्टिका दुसऱ्याही एका रासायनिक संदेशाने परस्परांना बोलावतात, आणि तो संदेश ऐकणारे कान क्लोपिडोग्रेल बंद करते. एका दाराला कडी घातली तरी दुसरे उघडे असेल तर चोर थांबत नाही. म्हणून येथे दोन्ही दारे लावावयाची असतात. चीनमध्ये ४५,८५२ रुग्णांवर झालेल्या व २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सर्वांना अ‍ॅस्पिरिन दिलेच होते. त्यात निम्म्यांना क्लोपिडोग्रेलची जोड दिली. मृत्यू, पुन्हा झटका किंवा पक्षाघात यांचे प्रमाण शेकडा १०.१ वरून ९.२ वर आले. फरक लहान दिसतो. पण तो हजारामागे नऊ माणसांचा आहे, आणि अशा रुग्णांची संख्या लाखांनी मोजावी लागते.

तिसरे औषध स्टॅटिन वर्गातील. या वर्गाचा मूळ पदार्थ जपानचे अकिरा एन्डो यांनी १९७० नंतरच्या वर्षांत एका बुरशीतून शोधला. यकृतातील कोलेस्टेरॉलची निर्मिती ते रोखते, आणि मेदाचे थर कालांतराने स्थिर होऊन त्यांची फाटण्याची प्रवृत्ती घटते. स्कँडिनेव्हियातील ४,४४४ हृदयरुग्णांवरील १९९४ च्या चाचणीत स्टॅटिन घेणाऱ्यांपैकी शेकडा ८, तर न घेणाऱ्यांपैकी शेकडा १२ रुग्ण पाचेक वर्षांत दगावले.

जोडीचा हिशेब

औषधांच्या जोडीने खरोखर अधिक लाभ होतो, हे सिद्ध कसे करावयाचे? या बाबतीत १९८८ साली प्रसिद्ध झालेली एक चाचणी शास्त्रीय पद्धतीचा आदर्श मानली जाते. जमलेली गुठळी विरघळविणारे स्ट्रेप्टोकायनेज नावाचे औषध तोवर उपलब्ध झाले होते. ते एका जातीच्या जीवाणूपासून मिळते, आणि त्या जीवाणूचा हा गुण १९३३ सालापासून ठाऊक होता. प्रश्न असा होता की, हे औषध श्रेष्ठ की साधे अ‍ॅस्पिरिन?

संशोधकांनी १६ देशांतील ४१७ रुग्णालयांतून १७,१८७ रुग्ण घेतले व चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे चार गट पाडले. पहिल्या गटास दोहोंपैकी काहीच दिले नाही. दुसऱ्यास केवळ अ‍ॅस्पिरिन, तिसऱ्यास केवळ स्ट्रेप्टोकायनेज, आणि चौथ्यास दोन्ही. जेथे औषध द्यावयाचे नव्हते तेथे त्याच्यासारखेच दिसणारे निरौषधी द्रव्य दिले, म्हणजे रुग्णाला किंवा वैद्याला गट ओळखता येऊ नये. पाच आठवड्यांनंतर हृदय वा रक्तवाहिन्यांच्या विकाराने झालेल्या मृत्यूंचा हिशेब पाहिला. काहीच न मिळालेल्या गटात हजारी १३२ मृत्यू. केवळ अ‍ॅस्पिरिनच्या गटात १०७. केवळ स्ट्रेप्टोकायनेजच्या गटात १०४. आणि दोन्ही मिळालेल्या गटात अवघे ८०.

हे चार आकडे विद्यार्थ्यांनी वहीत मांडून पाहावेत. एका औषधाने हजारामागे २५ जीव वाचले, दुसऱ्याने २८, आणि दोहोंनी मिळून ५२. म्हणजे दोघांचे लाभ एकमेकांत हरवले नाहीत, जवळजवळ पूर्णपणे एकमेकांत मिळवले गेले. कारण उघड आहे. स्ट्रेप्टोकायनेज जुने जाळे तोडते, परंतु नव्या रक्तपट्टिकांना अडवीत नाही. अ‍ॅस्पिरिन नव्यांना अडवते, परंतु जुने जाळे तोडू शकत नाही. एकाचे उणे दुसरे भरून काढते.

औषध आणि रस्ता

आज गुठळी विरघळविण्यापेक्षा रोहिणीत बारीक नळी घालून ती फुग्याने उघडणे व आत धातूची जाळी बसविणे, म्हणजेच अँजिओप्लास्टी, अधिक चांगली मानतात. मात्र ती वेळेत झाली पाहिजे. जेथे ते शक्य नाही तेथे दोन्ही उपायांची जोड घालतात: जवळच्या लहान रुग्णालयात गुठळी विरघळविणारे औषध लगेच टोचावयाचे, आणि नंतर, सामान्यतः तीन ते चोवीस तासांच्या आत, रुग्णास मोठ्या रुग्णालयात नेऊन रोहिणी तपासावयाची व उघडावयाची.

या पद्धतीची मोठी परीक्षा तमिळनाडूतच झाली. एक मोठे रुग्णालय मध्यभागी, भोवती त्याला जोडलेली लहान रुग्णालये, आणि मध्ये १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका, असे चार समूह रचण्यात आले. विद्युत्-आलेख दूरवरच्या तज्ज्ञाकडे धाडण्याची सोय केली. चाकाचा तुंबा आणि आरे यांसारखीच ही रचना होती. २,४२० रुग्णांच्या या अभ्यासाचा निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. व्यवस्था सुरू होण्यापूर्वीच्या रुग्णांपैकी शेकडा १७.६ वर्षभरात दगावले होते; व्यवस्थेनंतर हे प्रमाण १४.२ झाले. येथे कोणतेही नवे औषध शोधलेले नव्हते. असलेली औषधे योग्य क्रमाने व वेळेत पोहोचविली, एवढेच.

अर्धमेल्या स्नायूचे पुनरुज्जीवन

रोहिणी उघडली, कळ थांबली, रुग्ण घरी आला. आता हृदयाचे काय होते? रक्त वेळेत परतले तर धोक्यात आलेल्या स्नायूचा काही भाग जिवंत राहतो, परंतु तो काही दिवस, कधी काही आठवडे, आकुंचनच पावत नाही. तो मेलेला नसतो, बधिर झालेला असतो. या अवस्थेचे वर्णन अमेरिकेतील ब्राउनवाल्ड आणि क्लोनर यांनी १९८२ मध्ये केले. म्हणूनच झटक्यानंतर लगेच घेतलेले उत्सर्जन-प्रमाण शेकडा ३५ आले तरी तो अंतिम निकाल समजू नये. निदान चाळीस दिवसांनी, आणि रोहिणी उघडली असल्यास सुमारे तीन महिन्यांनी, पुन्हा मोजणी करून मगच पुढील मोठे निर्णय घेण्याची वैद्यांची प्रथा आहे. कित्येकांचे प्रमाण तोवर वाढलेले असते.

परंतु याच काळात हृदयात एक उलटी क्रियाही चालू असते. स्नायूचा जो भाग मेला, त्याच्या जागी व्रणाची निर्जीव ऊती येते. उरलेल्या स्नायूवर भार वाढतो. रक्तपुरवठा कमी पडतो असे पाहून मूत्रपिंडे व मज्जासंस्था मदतीस धावतात. रक्तवाहिन्या आवळणारी, मीठपाणी साठविणारी व हृदयाचे ठोके वाढविणारी संप्रेरके ती रक्तात सोडतात. जखमी माणसाचा रक्तस्राव होत असता हीच क्रिया त्याचे प्राण वाचवते. पण थकलेल्या हृदयाच्या बाबतीत ती दमलेल्या बैलाला आर टोचण्यासारखी ठरते. डावी जवनिका हळूहळू ताणली जाते, फुगते, गोल होते, आणि तिचे बळ घटते.

यावरील पहिल्या औषधाची कथा ब्राझीलमधील एका विषारी सापापर्यंत जाते. सेर्जिओ फरेरा या ब्राझिलियन शास्त्रज्ञाने १९६५ च्या सुमारास त्या सापाच्या विषात रक्तदाबाशी संबंधित असा एक घटक शोधला. त्या धाग्यावरून पुढे अमेरिकेत कॅप्टोप्रिल हे औषध तयार झाले. रक्तवाहिन्या आवळणाऱ्या संप्रेरकाची निर्मिती ते रोखते. झटक्यानंतर ज्यांचे उत्सर्जन-प्रमाण शेकडा ४० वा त्याहून कमी होते अशा २,२३१ रुग्णांवर त्याची चाचणी झाली. १९९२ च्या निष्कर्षानुसार सुमारे साडेतीन वर्षांत औषध न मिळालेल्यांपैकी शेकडा २५ आणि मिळालेल्यांपैकी २० रुग्ण मरण पावले.

येथून पुढचा मार्ग पायऱ्यांसारखा आहे, आणि प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी आहे. २००१ मध्ये कार्व्हेडिलॉल या, ठोके मंद करून हृदयाचे श्रम वाचविणाऱ्या औषधाची परीक्षा अशाच दुर्बल हृदयाच्या १,९५९ रुग्णांवर झाली. त्यांपैकी जवळजवळ सर्वांना कॅप्टोप्रिलच्या वर्गातील औषध आधीच चालू होते, तरीही मृत्यू शेकडा १५ वरून १२ वर उतरले. २००३ मध्ये मीठपाणी साठविणाऱ्या संप्रेरकाला अडविणारे एप्लेरेनोन ६,६३२ रुग्णांना देऊन पाहिले. त्यांतील बहुतेकांना आधीची दोन्ही औषधे मिळत होती, मृत्यू १६.७ वरून १४.४ वर आले. अनेक औषधे एकत्र देण्याची प्रथा वैद्यांच्या हौसेतून जन्मलेली नाही. एकेक औषध आधीच्या औषधांच्या जोडीला देऊन, पारखून घेतल्यावरच ती रूढ झाली आहे.

अधिक म्हणजे नेहमीच उत्तम नव्हे

यावरून, जितकी औषधे अधिक तितका लाभ अधिक, असा समज वाचकांनी करून घेऊ नये. मधुमेहासाठी निघालेले एम्पाग्लिफ्लोझिन दुर्बल हृदयास बळ देते, हे ठाऊक असल्याने ते झटक्यानंतर लगेच ६,५२२ रुग्णांवर अजमावले गेले. मृत्यू वा हृदय दुर्बल होऊन रुग्णालयात दाखल होणे यांच्या एकत्रित प्रमाणात निर्णायक घट दिसली नाही, असे २०२४ मध्ये जाहीर झाले. त्याच वर्षी स्वीडनमध्ये केंद्रित असलेल्या दुसऱ्या एका चाचणीत असे दिसले की, झटक्यानंतरही ज्यांचे उत्सर्जन-प्रमाण शेकडा ५० वा अधिक आहे त्यांना ठोके मंद करणाऱ्या औषधाचा विशेष उपयोग होत नाही. म्हणजे दुर्बल हृदयास जे तारक, ते सबळ हृदयास अनावश्यक असू शकते. कोणास काय द्यावे हे उत्सर्जन-प्रमाण, रक्तदाब, मूत्रपिंडांची स्थिती इत्यादी पाहून वैद्यच ठरवू शकतो.

शिवाय गुठळी रोखणारे प्रत्येक औषध रक्तस्रावाचा धोका वाढवते. ज्याच्या मेंदूत पूर्वी रक्तस्राव झाला आहे त्याला गुठळी विरघळविणारे औषध देता येत नाही. म्हणून शेजाऱ्याची चिठ्ठी पाहून औषध घेणे, किंवा बरे वाटू लागले म्हणून आपल्या मनाने बंद करणे, या दोन्ही गोष्टी सारख्याच घातक होत. जाळी बसविलेल्या रोहिणीत, रक्तपट्टिकांना आवरणारी औषधे अवेळी सोडल्यास, पुन्हा गुठळी होऊ शकते.

शेवटचा अडथळा

वर उल्लेखिलेल्या भारतीय पाहणीत आणखी एक गोष्ट आढळली होती. तीस दिवसांच्या आत श्रीमंत रुग्णांपैकी शेकडा ५.५ दगावले, तर गरीब रुग्णांपैकी ८.२. गरिबांची हृदये निराळी घडलेली असतात काय? संशोधकांनी दोन्ही गटांना मिळालेले उपचार हिशेबात घेतले तेव्हा हा फरक नाहीसा झाला. गरिबांना स्टॅटिन, कॅप्टोप्रिलच्या वर्गातील औषधे व अँजिओप्लास्टी हे उपचार कमी मिळाले होते. त्यांच्या अधिक मृत्यूंचे कारण तेथे होते. भारतासह १७ देशांतील २०११ च्या पाहणीत तर, पूर्वी हृदयविकार वा पक्षाघात होऊन गेलेल्यांपैकी, कमी उत्पन्नाच्या देशांतील शेकडा ८० लोक यांपैकी एकही औषध घेत नसल्याचे दिसले.

यावर एक साधी युक्ती अशी की, अनेक औषधे एकाच गोळीत घालावीत. भारतात ५० केंद्रांवर २,०५३ व्यक्तींवर अशा गोळीची चाचणी होऊन २००९ मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. एकत्र केल्याने औषधांचा गुण उणावत नाही, असे तीत दिसले. पुढे युरोपातील सात देशांत, नुकताच झटका येऊन गेलेल्या २,४९९ वृद्ध रुग्णांवरील २०२२ च्या चाचणीत, अ‍ॅस्पिरिन, रामिप्रिल व अ‍ॅटोरव्हास्टॅटिन असलेली एकच गोळी घेणाऱ्यांपैकी शेकडा ९.५ जणांना, तर तीच वा तत्सम औषधे नेहमीप्रमाणे घेणाऱ्यांपैकी १२.७ जणांना पुन्हा गंभीर विकार वा मृत्यू आला. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अशा संयुक्त गोळ्यांना आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत स्थान दिले.

औषधांचा शोध लागला, त्यांची जोडणी सिद्ध झाली, त्यांतील बहुतेकांची किंमतही आता फार नाही. उरलेले काम प्रयोगशाळेतले नाही. छातीच्या मध्यभागी दाब वा कळ, डावा हात, जबडा किंवा पाठीकडे जाणारी वेदना, घाम व धाप, ही लक्षणे दिसताच ‘पित्त झाले असेल’ म्हणून वाट न पाहता १०८ क्रमांकास कळविणे. आणि घरी परतल्यावर वैद्याने सांगितलेली औषधे सांगितली तितके दिवस घेणे. तमिळनाडूतील खेड्यात काय किंवा महाराष्ट्रातील वाडीवर काय, मरणाची लाट अडवण्यास पहिला बांध घातला जातो तो येथेच.